सीमाभागातील गोड्या पाण्याच्या कोळंबी तळ्याला खत देण्याची पद्धत

उसाच्या शेतकऱ्याला एकरी किती पोती युरिया आणि किती डीएपी, हे गणित तोंडपाठ असते. चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी या पट्ट्यातील जो शेतकरी शेततळ्यात किंवा कृष्णाकाठच्या क्षारपड झालेल्या तुकड्यात कोळंबी सोडण्याचा विचार करतो, तो हेच गणित घेऊन तळ्याच्या बांधावर उभा राहतो आणि तिथेच पहिली चूक होते. तळ्यात खत कोळंबी खात नाही आणि ते मुळांनाही जात नाही. ते पाण्यात विरघळून सूक्ष्म वनस्पती वाढवते, त्या वनस्पतींवर सूक्ष्म प्राणी जगतात, आणि या तरंगत्या सूक्ष्म जीवांचा, म्हणजे प्लवंगाचा, मेल्यावर गाळ तळाशी बसला की त्यात किडे, अळ्या आणि जंत वाढतात. कोळंबीचे पिल्लू हेच खाऊन मोठे होते. म्हणून मात्रा ठरवताना क्षेत्रफळाइतकेच पाण्याच्या रंगाकडे आणि तळाच्या मातीकडे पाहावे लागते. बेळगाव जिल्ह्यात ही माती पन्नास-साठ किलोमीटरवर पूर्ण बदलते, त्यामुळे खानापूरच्या तांबड्या मातीत लागू पडलेली मात्रा अथणीच्या काळ्या रानात जशीच्या तशी उतरवणे धोक्याचे आहे.

येथे ज्या कोळंबीचा विचार केला आहे ती गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, म्हणजे बाजारात जिला स्कॅम्पी किंवा जंबो झिंगा म्हणतात ती. तिच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते, त्यामुळे बीज बहुधा किनारपट्टीवरील बीजोत्पादन केंद्रांतून आणावे लागते. मात्र पिल्ले तयार झाल्यावर पुढची सगळी वाढ गोड्या पाण्यात होते. व्हेनामी ही खाऱ्या पाण्याची कोळंबी असून तिचे नियम, परवाने आणि पाण्यातील क्षारांचा हिशेब वेगळा आहे, त्यामुळे कारवार-कुमट्याकडच्या तळ्यांतील मात्रा इकडे लागू करू नयेत.

आधी माती, मग चुना

तळे रिकामे असताना तळाच्या आठ-दहा ठिकाणांहून वरच्या अर्ध्या वितीची माती घ्यावी, ती एकत्र कालवून अर्धा किलोचा नमुना सावलीत वाळवावा आणि तपासणीला द्यावा. मत्तिकोप आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रे या जिल्ह्यातील शेतकऱ्यांना जवळची आहेत. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) आणि सेंद्रिय कर्ब या दोन गोष्टी कळल्या तरी पुढचा अर्धा निर्णय होतो. मातीबरोबरच, ज्या विहिरीचे, कूपनलिकेचे किंवा कालव्याचे पाणी भरणार असाल त्या पाण्याचा नमुनाही द्यावा आणि त्यात सामू, अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) आणि कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण) तपासून घ्यावा.

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिम अंगाला जांभ्याची तांबडी माती आहे. मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीच्या बाजूला पाऊस इतका पडतो की मातीतील चुना वर्षानुवर्षे धुऊन जातो आणि माती आम्लधर्मी राहते. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, म्हणजे तुम्ही टाकलेला सुपर फॉस्फेट पाण्यात फिरण्याऐवजी गाळात अडकून पडतो. शिवाय येथील पाणी मऊ असते, आणि मऊ पाण्यात प्लवंग वाढला की दुपारी सामू 9 च्या वर उडी मारतो. स्कॅम्पीला हे मानवत नाही. यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे, तो म्हणजे चुनखडीची भुकटी. मातीचा सामू 5.5 ते 6.5 असेल तर एकरी 400 ते 500 किलो, आणि 6.5 ते 7.5 असेल तर एकरी 200 किलो भुकटी वाळलेल्या तळावर सारखी पसरावी. कळीचा चुना हा तीव्र असतो. जुन्या तळ्यातील रोगजंतू व किडे मारण्यासाठी तो ओल्या तळावर वापरता येतो, पण त्याने पाण्याचा सामू एकदम चढतो, त्यामुळे पिल्ले सोडल्यानंतर त्याला हात लावू नये.

अथणी, कागवाड, रायबाग आणि चिकोडीच्या पूर्व भागातील काळ्या मातीची गोष्ट उलट आहे. तिच्यात मुळातच चुना भरपूर असतो आणि सामू बहुधा 8 च्या आसपास असतो, म्हणून शेजाऱ्याने टाकला एवढ्या कारणाने चुना टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. या मातीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. येथील कूपनलिकांचे पाणीही पुष्कळ ठिकाणी कठीण असते. लिटरला 50 ते 150 मिलिग्रॅम कठीणपणा स्कॅम्पीला चांगला मानवतो. 300 च्या वर गेला तर कात टाकताना त्रास होतो, वाढ खुंटते आणि कवचावर थर बसतात. असे पाणी असेल तर पावसाचे किंवा कालव्याचे पाणी मिसळण्याची सोय आधी पाहावी, खताचा विचार त्यानंतर करावा.

चुना आणि सुपर फॉस्फेट एकाच आठवड्यात कधीही टाकू नये. दोन्ही एकत्र आले की न विरघळणारे कॅल्शियम फॉस्फेट तयार होते आणि दोन्हींचा खर्च वाया जातो. चुना टाकल्यावर किमान दहा-पंधरा दिवस जाऊ द्यावेत.

पाणी भरणे आणि गढूळपणा

तळे पूर्ण वाळवून तळाला भेगा पडू द्याव्यात. काळ्या मातीत भेगा लवकर पडतात, त्यामुळे वरवर पाहून समाधान मानू नये. भेगेत हात घालून खालची माती काळी, वास मारणारी आहे का, ते पाहावे. असल्यास हलकी नांगरट करून आणखी आठवडाभर ऊन द्यावे. जे तळे पूर्ण आटत नाही, त्यात मरळ, वाम, शिंगाडा यांसारखे मासे उरतात आणि ते पिल्लांचा फडशा पाडतात. अशा उरलेल्या पाण्यासाठी मोहाची पेंड दर हजार लिटरला 250 ग्रॅम या प्रमाणात भिजवून टाकतात. तिचा विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे टिकतो आणि त्यानंतर ती कुजून खताचेच काम करते, हे लक्षात घेऊन पुढील शेणखताची मात्रा कमी करावी.

पाणी आत घेताना बारीक जाळी लावावी. पहिल्यांदा फक्त दीड फूट पाणी भरावे, कारण उथळ पाणी लवकर तापते, तळापर्यंत उजेड पोचतो आणि प्लवंग झपाट्याने वाढतो. रंग धरू लागला की टप्प्याटप्प्याने साडेतीन ते चार फुटांपर्यंत पाणी वाढवावे.

पाणी मातीने गढूळ असेल तर खत देणे थांबवावे, कारण उजेडच आत जात नसेल तर नत्र-स्फुरद कितीही दिले तरी वनस्पती वाढणार नाहीत. काचेच्या बाटलीत पाणी भरून ती न हलवता ठेवावी. दोन-तीन दिवसांत गाळ खाली बसला तर तळ्यालाही थोडा वेळ द्यावा आणि बांधावरून वाहून येणारी माती गवत लावून अडवावी. आठवड्याने पाणी तसेच राहिले तर ती चिकणमाती आहे आणि तिला जिप्सम लागेल. किती लागेल हे ठरवण्यासाठी 15 लिटरच्या तीन बादल्या भराव्यात आणि त्यांत अनुक्रमे 3, 5 व 7 ग्रॅम जिप्सम ढवळून दुसऱ्या दिवशी पाहावे. ज्या सर्वांत कमी मात्रेच्या बादलीत पाणी निवळले, त्या प्रमाणाने तळ्याचा हिशेब करावा. एक एकर तळ्यात एक मीटर पाणी म्हणजे सुमारे 40 लाख लिटर, त्यामुळे जिप्समचा आकडा शेकडो किलोंत जातो. जिप्समने कठीणपणा वाढतो, म्हणून पाणी आधीच कठीण असलेल्या ठिकाणी हा उपाय करू नये.

खत कोणते, किती आणि कसे

शेणखताने सुरुवात करणे मला या भागासाठी योग्य वाटते, कारण ते हळू सुटते, तळाशी किडे-अळ्यांना खाद्य देते आणि ते आपल्या गोठ्यातच असते. एकरी 400 किलो चांगले कुजलेले शेणखत पहिल्या पाण्याआधी तळावर पसरावे. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांनी स्लरी वापरावी. तिच्यातील बराचसा कुजण्याचा टप्पा आधीच झालेला असल्याने ती पाण्यातला प्राणवायू कमी खाते. ताजे शेण घमेल्याने तळ्यात ओतण्याची सवय मोडली पाहिजे. ते तळाशी ढीग करून बसते, तेथील प्राणवायू संपवते आणि कोळंबीचे तर सगळे आयुष्यच तळाशी जाते. कच्ची कोंबडीची विष्ठा टाळावी, कारण तिच्यातून रोगजंतू आणि पोल्ट्रीतील औषधांचे अंश तळ्यात येतात आणि कोळंबी माणसाच्या ताटात जाते. साखर कारखान्याची ताजी प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारी मळी) फुकट मिळते म्हणून कोणी ती तळ्यात टाकू नये. तिचा ताजा ढीग प्राणवायूचा असा फडशा पाडतो की पहाटेपर्यंत तळे मोकळे होते. डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा तर प्रश्नच येत नाही.

मत्स्यपालनाच्या पुस्तिकांत कार्प (कटला, रोहू अशा) माशांच्या नर्सरीसाठी शेंगदाणा पेंड हेक्टरी 750 किलो, शेण 200 किलो आणि सुपर फॉस्फेट 50 किलो असे मिश्रण दिलेले असते. ते आठ-पंधरा दिवसांच्या नर्सरीसाठी आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या कोळंबीच्या तळ्यात ते जसेच्या तसे टाकले तर तळ खराब होतो.

रासायनिक खताची पहिली मात्रा पाणी दीड फूट झाल्यावर द्यावी. एकरी 5 ते 6 किलो युरिया आणि 15 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरेसे आहे. यातून नत्र आणि स्फुरद प्रत्येकी सुमारे अडीच किलो मिळते. डीएपी वापरायचा असेल तर 5 किलो डीएपी आणि साडेतीन किलो युरिया घेतल्यास जवळजवळ तेवढेच होते. उसाच्या हिशेबाने हे प्रमाण थट्टा वाटण्याइतके कमी आहे. तरीही पोते रिकामे करण्याचा मोह आवरावा, कारण ज्यादा युरियाचा अमोनिया होतो आणि पाण्याचा सामू जितका जास्त तितका त्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. 28 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सामू 8 असेल तर एकूण अमोनियातील सहा-सात टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू 9 झाला की हाच भाग चाळीस टक्क्यांवर जातो. अथणी-रायबागकडच्या अल्कधर्मी पाण्यात म्हणूनच युरियाची मात्रा निम्मी करावी आणि नत्राची उरलेली गरज शेणखताच्या स्लरीने भागवावी.

खताचे दाणे हाताने फेकू नयेत. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटचा दाणा बुडतो, गाळात रुततो आणि त्यातील स्फुरद माती धरून ठेवते, मग ती तांबडी असो की काळी. आदल्या संध्याकाळी प्लास्टिकच्या पिंपात खताच्या आठ-दहा पट पाणी घेऊन त्यात खत भिजत घालावे आणि झोपण्यापूर्वी एकदा काठीने ढवळावे. सकाळी पुन्हा ढवळून वरचे पाणी बादलीने काढावे व बांधावरून फिरत वाऱ्याच्या दिशेने सारखे शिंपावे. सुपर फॉस्फेट पूर्ण विरघळत नाही. पिंपाच्या तळाशी जो पांढरट चोथा उरतो तो बहुतांशी जिप्सम असतो, तो दुसऱ्यांदा भिजवून मग टाकून द्यावा. युरिया मात्र शिंपण्याच्या अर्धा तास आधी मिसळला तरी चालतो. हे काम स्वच्छ ऊन असलेल्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान करावे.

गुऱ्हाळांच्या मुलखात एक पूरक उपाय सहज जमण्यासारखा आहे. एकरी 10 किलो बारीक भाताचा कोंडा, 2 किलो गूळ किंवा तेवढीच काकवी आणि 100 ग्रॅम यीस्ट पाण्यात कालवून एक-दोन दिवस झाकून ठेवावे आणि आंबट वास आला की गाळून ते पाणी तळ्यात शिंपावे. यातून सूक्ष्म प्राणी लवकर वाढतात. पिल्ले सोडण्याच्या आठवड्यात हे दोनदा केले तरी पुरे होते.

पाण्याकडे पाहून मात्रा ठरवणे

तळ्याला पुढचे खत केव्हा द्यायचे हे पाण्याची पारदर्शकता सांगते. ती मोजण्याची काळी-पांढरी चकती, म्हणजे सेक्की डिस्क, विकत घेण्याची गरज नाही. रंगाच्या डब्याचे 20 सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे झाकण घ्यावे, त्याचे चार सारखे भाग करून समोरासमोरचे दोन काळे व दोन पांढरे रंगवावेत, मधोमध भोक पाडून दोरी ओवावी आणि खाली नट-बोल्टचे वजन बांधावे. दोरीवर दर पाच सेंटिमीटरला न पुसणाऱ्या शाईची खूण करावी. सकाळी दहाच्या सुमारास, सूर्य पाठीशी घेऊन, झाकण पाण्यात सावकाश सोडावे. ते दिसेनासे झाले तेथे दोरी धरून आकडा पाहावा, मग वर ओढताना ते पुन्हा दिसू लागले तेथील आकडा पाहावा आणि दोन्हींची सरासरी घ्यावी. झाकण हाताशी नसेल तर कोपरापर्यंत हात बुडवून पाहावे: पाणी कोपराला टेकले असताना तळहात पुसट दिसत असेल तर पाणी साधारण ठीक आहे.

पारदर्शकता 30 ते 40 सेंटिमीटर असेल तर काहीही टाकू नये. 50 च्या वर गेली तर वर दिलेली मात्रा पुन्हा द्यावी. 25 च्या खाली आली तर खत पूर्ण बंद करावे आणि शक्य असल्यास थोडे पाणी बदलावे. आकड्याबरोबर रंगही पाहावा, कारण पाणी मातीने गढूळ असले तरी आकडा कमीच येतो. हलका हिरवा किंवा हिरवट तपकिरी रंग उत्तम. तपकिरी झाक डायटम या वनस्पतींची असते आणि ती पिल्लांना फार मानवते. वाऱ्याच्या कोपऱ्यात निळसर हिरवी साय जमू लागली तर स्फुरद जास्त झाला आहे असे समजावे आणि डीएपी व सुपर दोन्ही बंद करावेत. नवीन तळ्यात पहिल्या मात्रेनंतर चार दिवसांत काहीच रंग आला नाही तर दुसरी मात्रा द्यावी, पण तिसरी देण्यापूर्वी पाण्याचा सामू तपासावा.

रंग आल्यावर पिल्ले सोडण्यास फार उशीर करू नये. दहा-बारा दिवसांत सूक्ष्म प्राणी भरपूर होतात; पारदर्शक ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धरले की ठिपक्यासारखे हलणारे जीव दिसतात. हीच योग्य वेळ आहे. आणखी दोन आठवडे तळे तसेच ठेवले तर चतुराच्या अळ्या आणि पाण्यातील भक्षक कीटक वाढतात आणि ते पिल्ले खातात.

पाऊस, थंडी आणि खाद्य

स्कॅम्पीला 26 ते 31 अंश तापमान हवे असते आणि बेळगावची थंडी तिला सोसत नाही. म्हणून पावसाळ्यात बीज सोडणाऱ्याने ते जुलैच्या मध्यापर्यंत सोडावे आणि डिसेंबरमध्ये पीक काढावे. याचा अर्थ असा की तळ्याची तयारी आणि पहिले खत जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच व्हायला हवे. खानापूर-बेळगावकडे पुढे आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेले असते. अशा दिवसांत खत देऊ नये, कारण उजेडाशिवाय ते वापरलेच जात नाही आणि सांडव्यावरून वाहून जाते. झडीनंतर ऊन पडले की चुनखडीची भुकटी एकरी 40-50 किलो पाण्यात कालवून शिंपावी आणि दहा-पंधरा दिवसांनी पारदर्शकता पाहून मगच खत द्यावे. अथणीकडे पाऊस कमी आणि ऊन अधिक असल्याने प्लवंग उलट फोफावतो. तिथे हात आखडता ठेवावा लागतो.

अनेक दिवसांच्या ढगाळ हवेत दाट हिरवे पाणी अचानक निवळले आणि फेसाळ दिसू लागले तर प्लवंग मेला आहे. रात्री प्राणवायू घटतो आणि पहाटे कोळंबी काठाला येऊन चढू लागते. त्या क्षणी खत, शेण, खाद्य सर्व बंद करून एरेटर किंवा पंपाने पाणी उडवणे आणि ताजे पाणी घेणे एवढेच करावे.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत खताचे महत्त्व सर्वांत जास्त असते. पुढे खाद्य वाढत जाते आणि न खाल्लेले खाद्य व विष्ठा यांतूनच तळ्याला नत्र-स्फुरद मिळू लागतो, म्हणून तेव्हा डिस्क काहीही सांगत असली तरी युरिया सहसा लागत नाही. कोळंबीबरोबर कटला व रोहू सोडले असतील तर ते प्लवंग खाऊन टाकतात आणि खत थोडे अधिक काळ चालू ठेवावे लागते. मृगल व सायप्रिनस (कॉमन कार्प) हे तळाशी चरणारे मासे असल्याने ते सोबत घेऊ नयेत.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात, ज्याला इकडे कन्नडमधून कृषी होंडाही म्हणतात, तळाची माती नसते. स्फुरद धरून ठेवणारे काही नसल्यामुळे रंग लवकर येतो आणि तितक्याच लवकर कोसळतो. तेथे वरील मात्रेचा तिसरा हिस्सा आठवड्यातून एकदा द्यावा आणि शेणखत तळावर न पसरता भोके पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगावे, म्हणजे रंग गडद होताच पोते उचलून बाहेर काढता येते.

शेवटची गोष्ट शेजारच्या शेताची. कोळंबी ही कीटकांची नातेवाईक आहे, म्हणून ऊस, तंबाखू किंवा भाजीपाल्यावर फवारलेले कीटकनाशक पावसाच्या पाण्यातून तळ्यात आले तर मासे जगतील पण कोळंबी मरेल. बांध शेतापेक्षा दीड-दोन फूट उंच ठेवावा, भोवती चर काढावा आणि फवारणीचे पंप तळ्यावर धुऊ देऊ नयेत. पीक काढून तळे रिकामे केल्यावर वरचा काळा गाळ खरवडून उसाच्या सरीत घालावा, आणि पुढच्या चुन्याची मात्रा त्यानंतर घेतलेल्या मातीच्या नव्या नमुन्यावरून ठरवावी.